सावली त्यानं काढलीय

आज आत्याला घेऊन प्रदर्शन बघायला गेले होते. परवा मिरजेहून आलीय ती, खास यासाठी. गुडघे धड नाहीत, तरी डोंबिवलीहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत काळा घोडा. टॅक्सी करू म्हटलं तर म्हणाली, "तुजं काम बघाय आलेय, मला काय हुतंय."

काम मोठं आहे. तीस फूट मांजरपाट, त्यावर लाकूडठशांची छपाई. एकूण चौदा ठसे, त्यातले अकरा मी कोरलेत. आत्या कापडासमोर बराच वेळ उभी होती. हात मागे बांधून. एका ठशात मी आमच्या जुन्या घराची चौकट कोरलीय, ती तिने बरोबर ओळखली. मग भिंतीवरच्या लेबलाकडे गेली. मराठी मजकूर खाली, बारीक अक्षरात. ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. संकल्पना, एक नाव. संयोजन, एक नाव. सहकार्य, तीन संस्था. शेवटी 'आणि टीम'. बोट पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"तुजं नाव कुठाय गं?"

मी म्हटलं, "टीममध्ये आहे की मी, आत्या." ती काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं, तिच्याच नजरेतून सुटलं असेल म्हणून. ते बघवेना मला. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, ती आत झोपलीय आणि मी हे लिहितेय.

हे ज्यांना पाठवते त्या माझ्या यादीतल्या बहुतेकांना अण्णा माहीत आहेत. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी सांगते, माझे वडील मिरजेत बोर्ड रंगवायचे. पत्र्याला रेड ऑक्साइड मारायचं, वाळलं की वर रंगाचे दोन हात, मग खडू लावलेली दोरी ताणून फटका मारायचा, की ओळ उमटते. त्या दोरीचं दुसरं टोक धरायचं काम माझं. तेव्हा मी सात वर्षांची असेन. दुकानात एक पोरगा होता कामाला, चौदा-पंधराचा. ब्रश धुणं, डबे घासणं. हळूहळू अण्णांनी त्याला अक्षरांची सावली काढायला दिली. बोर्डातलं ते सगळ्यात किचकट काम. सावली चुकली की अख्खं अक्षर बसतं.

एका कापडदुकानाचा बोर्ड होता. पिवळ्यावर लाल अक्षरं, काळी सावली. अण्णा कोपऱ्यात आपलं नाव टाकायचे तसं टाकलं आणि त्याखाली, बारीक, त्या पोराचं. दुकानदार आला आणि म्हणाला, "अण्णा, पोराचं नाव कशाला? बोर्ड तर तुमचाय." अण्णा शिडीवरूनच म्हणाले, "सावली त्यानं काढलीय."

एवढंच. दुकानदाराने खूप कटकट केली. अण्णा म्हणाले, नाव काढायचं असेल तर सावली पण खरवडून देतो. मग गप्प बसला.

आणि इथे, एवढ्या शिकलेल्या लोकांत, 'आणि टीम'.

लेबलावर ज्यांची नावं आहेत, कल्पना त्यांची होती, मान्य. जागा त्यांनी मिळवली, परवानग्या, पैसे, सगळं त्यांनी आणलं, तेही मान्य. पण सहा आठवडे कापडावर कोण होतं? एवढा मोठा प्रेस मिळेना, म्हणून कापड जमिनीवर पसरून शाई लावलेला ठसा उलटा टाकायचा आणि चौघींनी त्यावर उभं राहून टाचेने दाब देत फिरायचं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. तीस फूट कापड आम्ही पायांनी छापलंय. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाऊजने, म्हणजे लाकूड कोरायच्या हत्याराने, पडलेला घट्टा अजून तसाच आहे. मानधन मिळालं बारा हजार, सहा आठवड्यांचं. प्लायचे पैसे मी भरलेत, ते अजून यायचेत. त्याबद्दल मी एक शब्द बोललेले नाही. सगळ्यांचीच ओढाताण असते, कळतं मला. पण नावाला काय खर्च येतो? चार नावं, चार ओळी. लेबल लांबतं, वाचायला बरं दिसत नाही, हे खरं असेलही. मग 'सहकार्य'खालच्या तीन संस्था कशा मावल्या?

लोकलमधूनच त्यांना फोन केला मी. शांतपणे बोलायचं ठरवून केला होता. समोरून उत्तर काय, "अगं, अजिंठ्यात कुठे कुणाची सही आहे? कलेक्टिव्ह म्हटलं की मी-मी बाजूला ठेवायचं."

अजिंठा! आमच्यासारख्यांना गप्प करायचं असलं की अजिंठा काढतात. जरा जाऊन बघा. सोळा नंबरच्या लेण्यात शिलालेख आहे, त्यात लेणं करवून घेणाऱ्याचं नाव स्पष्ट आहे, वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. सव्वीस नंबरमध्ये बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचं. देणाऱ्यांची नावं दीड हजार वर्षं टिकली आहेत, दगडात कोरलेली. रंगवणाऱ्यांची कुणी लिहिलीच नाहीत. आणि ते विनम्र होते म्हणून त्यांनी सही केली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांना विचारलं होतं का कुणी? कॉलेजच्या स्टडी टूरला आम्ही कर्नाटकात सोमनाथपूरला गेलो होतो, होयसळ राजांच्या काळातलं देऊळ. तिथे मूर्तींच्या पायाशी शिल्पींची नावं आहेत. मल्लितम्मा हे नाव परत परत येतं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं आणि मला रडू आलं होतं. तेराव्या शतकातला माणूस, आणि मला त्याचं नाव माहीत आहे.

मुंबईच्या कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह ग्रूपसुद्धा ग्रूपच होता ना? १९४७. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. सहाही नावं आपल्याला पाठ आहेत. कुणी 'सूझा आणि टीम' म्हणत नाही.

कायदासुद्धा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ५७. काम विकलं, हक्क लिहून दिले, तरी हे माझं आहे असं म्हणण्याचा कलावंताचा अधिकार जात नाही. शिल्पकार अमरनाथ सहगलांचं ब्राँझचं म्युरल, म्हणजे भित्तिशिल्प, दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. १९७९ मध्ये सरकारने ते काढून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये निकाल लागला. म्युरल परत द्या आणि पाच लाख रुपये भरा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं. एवढी वर्षं लढला तो माणूस. मी काही कोर्टात जाणार नाही. माझ्याकडे तेवढा वेळही नाही आणि उद्या त्याच लोकांसोबत पुन्हा काम करायचं आहे, हेही तितकंच खरं.

कारण माझं आयुष्य सध्या असं आहे. दोन आठवड्यांनी आमचा पाच जणांचा ग्रूप शो आहे, भाडं पाचात वाटून घेतलंय. माझी सहा प्रिंट्स जाणार, त्यातली चार छापून तयार आहेत. उल्हासनगरच्या एका शाळेची भिंत रंगवतोय, ती पावसाआधी संपवायची आहे. शनिवार-रविवार एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांच्या मुलांचे क्लास, खोलीचं भाडं त्यातून निघतं. जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकलाय, नंबर लागायला किती वर्षं जातात ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मधल्या काळात प्रत्येक रेसिडेन्सीचा (कुठेतरी राहून काम करायची संधी), प्रत्येक शिष्यवृत्तीचा फॉर्म विचारतो, कुठे कुठे काम लागलं, पुरावा जोडा. पुरावा म्हणजे कॅटलॉगचं पान, लेबलाचा फोटो. 'आणि टीम'चा फोटो जोडून मी कुणाला काय सांगू? वर्षातले सहा आठवडे कागदावरून गायब झाले माझे. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. पण होतं ते आमच्यासारख्यांचंच होतं, ज्यांचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही त्यांचं. ज्यांचं आहे त्यांचं कधी 'राहून' जात नाही.

मी एकत्र काम करणं सोडणार नाही. ते मला येतं आणि मला आवडतं. त्या चौघींतल्या दोघी मला सहा आठवड्यांपूर्वी माहीतही नव्हत्या. एकीने रात्री दीड वाजता सगळ्यांसाठी पिठलं टाकलं होतं, शाईच्या हाताने. एकटीने कोरताना मला ती चौकट कधी सुचली नसती. बोलता बोलता आलेली आहे ती.

पाणी प्यायला उठले तर आत्या जागीच होती. म्हणाली, "लिहितीयास काय अजून?" मी म्हटलं, अण्णांच्या त्या बोर्डाबद्दल लिहितेय. तिला सगळं आठवत होतं. आणि तिने एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. त्या बोर्डावर स्वतःचं नाव बघायला तो पोरगा आपल्या आईला घेऊन आला होता, आणि त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. अण्णांनी शिडी लावून तिला वर चढवलं आणि अक्षरांवरून तिचं बोट फिरवलं. रंग पुरता वाळला नव्हता, तर बोटाला लागला. आत्या म्हणते, ती बाई ते बोट तसंच धरून घरी गेली.

फ्लेक्स आले आणि दुकान बंद झालं. तो आता सांगलीला फ्लेक्सचं मशीनच चालवतो.

हे ऐकून परत येऊन बसले आणि मघापासून काही टाइप करता येईना. कारण फेब्रुवारीतल्या शोमधली माझी स्वतःची लेबलं आठवली. नाव, माध्यम, माप, वर्ष. वुडकट, ३० बाय ४० इंच. ते लाकूड मला जो माणूस रंधून देतो, गाठी बघून बाजूला काढतो, "ताई, हा तुकडा घ्या, ह्यात रेषा तुटणार नाही" असं सांगतो, त्याच्याशिवाय त्यातलं एकही प्रिंट नीट आलं नसतं. चार वर्षं झाली त्याच्याकडे जातेय. त्याचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. राहिलं. अगदी तसंच, राहून गेलं.

आत्ता फोन उघडून बघितलं. त्याचा नंबर माझ्याकडे 'प्लायवाले भाऊ' म्हणून आहे. आडनाव सोडाच, पूर्ण नावसुद्धा मला माहीत नाही.

तर दोन कामं. त्या कापडाच्या लेबलासाठी उद्या सकाळी लेखी मेल पाठवतेय, चौघींच्या नावांसह, तिघींना विचारून झालंय. उत्तर काय येतं ते इथे कळवेन. आणि ग्रूप शोची लेबलं शुक्रवारी छापायला जाणार आहेत. आत्या उद्या रात्रीच्या महालक्ष्मीने निघतेय. तिला कल्याणला गाडीत बसवायच्या आधी वखारीत जायचंय, भाऊंना नाव विचारायला.