'एक पुणेकर' यांच्या प्रतिक्रियेस उत्तर : धादिंगचे चर्च आणि आमचा तरुण संघ

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, तरुण संघ नेपाळमधील धादिंग जिल्ह्यात, एका डोंगरवस्तीवरच्या चर्चच्या बांधकामाला हातभार लावून आला. त्यावरील माझ्या लेखाला आपण 'एक पुणेकर' या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. प्रवासखर्चाचे पैसेच तिकडे पाठवायला हवे होते, चर्चऐवजी शाळा बांधायला हवी होती आणि यामागे धर्मांतराचा हेतू आहे, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिता, 'ही पोरे विटा रचायला नव्हे, फोटो काढायला गेली होती.' मतभेदाचा आपला अधिकार मला मान्य आहे. स्वतःचे नाव झाकून, ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही अशा मुलांचा असा उपमर्द करण्याचा अधिकार मान्य नाही.

आपण ज्यांना 'पोरे' म्हणता त्यांच्यात एक परिचारिका आहे, पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा तरुण आहे आणि बाकीची बरीचशी मुले महाविद्यालयात शिकतात. कापणीच्या सणाला खाद्यपदार्थ विकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले, गोरखपूरपर्यंत ती रेल्वेच्या साध्या डब्यातून गेली आणि सोनौलीची सीमा ओलांडून पुढे बसने वस्तीपर्यंत पोहोचली. तिथे रचायला विटा नव्हत्याच. भिंती दगडाच्या होत्या. जुनी इमारत मातीत बसवलेल्या दगडांची असल्याने 2015 च्या भूकंपात कोसळली होती. म्हणून नव्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड आणि खिडकीखाली, खिडकीवर व छताखाली सळयांसह काँक्रीटचा पट्टा घालायचा होता. सळयांच्या रिंगा वाकवणे, वाळूची घमेली चढावर वाहून नेणे, ओतलेल्या काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे ही कामे आमच्या मुलांनी केली. ओळंबा मात्र तिथल्या डकर्मीच्या, म्हणजे गवंड्याच्याच हाती होता, आणि तो आमच्या कोणाही मुलापेक्षा कितीतरी सफाईने काम करतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण एवढ्यावरून मुलांचे जाणे फोल ठरत नाही, आणि हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. 1993 च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि मित्रांबरोबर तिथे ढिगारे उपसायला गेलो होतो. आम्हालाही बांधकामातले काही कळत नव्हते. तरीही एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरून, तुम्ही पुण्याहून आमच्यासाठी आलात, असे पुन्हा पुन्हा म्हटले होते. आपण कधी अशा गावात पाय ठेवला आहे का? ठेवला असता, तर ते वाक्य आपल्या हातून लिहिले गेले नसते, असे मला वाटते.

शिवाय परक्या माणसाचे येऊन राहणे म्हणजे काय असते, हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अमेरिकेहून आलेल्या मिनी एब्रम्स यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले. केवळ पैसे पाठवून ते काम झाले नसते. प्रवासखर्चाच्या आक्षेपाचे उत्तर मी यातच दिले आहे.

शाळेचा प्रश्न आपण तिथल्या लोकांना विचारावा. नेपाळ सरकारने पडलेल्या घरांसाठी प्रत्येक कुटुंबाला 3 लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले, पण घरांचे ते अनुदान चर्चला मिळण्यासारखे नव्हते आणि मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करत होती. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि चर्चची उपासनाही त्याच दिवशी होते. 25 एप्रिल 2015 हा शनिवारच होता आणि दुपारी बाराला काही मिनिटे असताना धरणी हादरली. त्या वेळी देशभर कितीतरी मंडळ्या उपासनेत बसलेल्या होत्या. अशा लोकांना पुन्हा निर्धास्तपणे एकत्र बसता येईल असे छप्पर हवे असेल, तर त्यांची गरज काय आहे हे पुण्यात बसून आपण कशी ठरवणार?

धर्मांतराच्या आरोपाबद्दल इतकेच सांगतो की नेपाळात 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचे धर्मांतर घडवणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. हे चर्च तिथे आधीपासून असलेल्या मंडळीचे आहे. आमच्या मुलांनी कोणाच्या दारात पत्रके वाटली नाहीत.

जमाखर्चाचा तक्ता आमच्या इथल्या चर्चच्या सूचनाफलकावर लावलेला आहे. रविवारच्या उपासनेनंतर खजिनदार तिथेच असतात. आपण यावे, पावत्या मागून पाहाव्यात आणि त्यातील एखाद्या रकमेबद्दल शंका असेल तर ती आपल्या खऱ्या नावाने इथे लिहावी. मुलांबद्दलचे ते वाक्य मात्र आपण मागे घ्यावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.