मधला कप्पा

माझी भाची कोपरखैरण्याला राहते. आता दहावीत गेली. परीक्षा संपली की आठवडाभर ठाण्याला मावशीकडे, हा आमचा जुना करार. यंदा आठवड्याचे चार दिवस झाले, कारण दहावीची व्हेकेशन बॅच. ऐन मे महिन्यात, सकाळी साडेसातला! त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आत्ता नको, बीपी वाढतं.

"मराठी काहीतरी वाचायला दे तिला, मोबाइल सुटत नाही हातातून," ताईचा फोन आला. म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिला घेऊन घराजवळच्या एका वाचनालयात गेले. तिथल्या काकूंनी विचारलं, "कितवीत?" नववी झाली म्हटल्यावर त्यांनी कुमारांचं कपाट दाखवलं. वरच्या फळीवर थोर पुरुषांची चरित्रं, मधे संस्कारकथा, खाली बिरबल आणि पऱ्या. भाचीने एक पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं. तिथे चौकटीत छापलं होतं, तात्पर्य. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, पुस्तक होतं तिथे नीट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, आपण पाणीपुरी खाऊया का?"

आता ही मुलगी म्हणजे काही न वाचणारी नव्हे. गेल्या वर्षी तिने 'हंगर गेम्स'ची मूळ तिन्ही पुस्तकं इंग्रजीतून संपवली. बारा जिल्हे, प्रत्येकातून एक मुलगा आणि एक मुलगी, अशी चोवीस मुलं टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना मारायला सोडलेली. हे पचवलेल्या मुलीला आपण प्रामाणिक लाकूडतोड्या देतो आणि वर म्हणतो, हल्लीची पोरं मराठी वाचत नाहीत.

इंग्रजीत या वयासाठी यंग अ‍ॅडल्ट म्हणून अख्खी वेगळी बाजारपेठ आहे. आपल्याकडे बालविभाग संपला की थेट कादंबऱ्या. मधे जिना नाही, उडी मारायची. आमचं ठाणं म्हणजे १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेलं गाव, पुस्तकांची वानवा इथे कधीच नव्हती. माझं म्हणणं एवढंच की चौदा-पंधराच्या वयाची पुस्तकं मराठीत भरपूर आहेत, फक्त ती मोठ्यांच्या कपाटात बसलीयत. कुणी त्यांच्यावर 'कुमार' अशी चिठ्ठी लावली नाही. (एका अर्थी बरंच झालं. चिठ्ठी लावली असती तर शेवटी तात्पर्यही छापलं असतं.)

तर पाणीपुरी खाऊन घरी आलो आणि मी माझं कपाट उघडलं.

पहिलं दिलं प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन नावाचा मुलगा, आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावकडची बोली, कानडीचा हेल, मधेच इंग्रजी शब्द. मला धाकधूक होती, कारण हिची मराठी म्हणजे सेकंड लँग्वेज. पहिल्या दहा पानांना ती खरंच अडखळली. मग मी माझी युक्ती काढली, सुरुवातीची गोष्ट मीच वाचून दाखवली. ती पंख्याखाली फरशीवर आडवी, मी खुर्चीत. कानावर पडल्यावर ती बोली तिला लगेच सापडली. पोरांनो नव्हे, आईबापांनो, हे करून बघा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी कळत नाही असं नसतं, डोळ्यांना सवय नसते. लंपन मनातल्या मनात सतत बडबडतो, त्याची मैत्रीण सुमी समोर आली की त्याचं काहीतरी होतं आणि काय होतंय ते त्याला धड सांगता येत नाही. हे कळायला नववीतल्या मुलीला शब्दकोश लागत नाही. या लंपनची एकूण चार पुस्तकं, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. याच क्रमाने वाचा, तो वाढत जातो.

आमची पिढी याला मोठ्यांचं साहित्य म्हणून वाचत आली, स्मरणरंजन वगैरे. मला वाटतं चाळिशीत लंपन वाचून डोळे पुसणाऱ्यांनी तो आधी मुलांच्या हातात द्यायला हवा होता.

दुसरं, मिलिंद बोकिलांची 'शाळा'. २००४ साली आली. यावर काय बोलायचं? नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. सिनेमा बघितला म्हणून पुस्तक सोडू नका, पुस्तकात पोरांची जी भाषा आहे ती पडद्यावर अर्धीच आली. हो, शिव्या आहेत. ताईने पुस्तक चाळलं असतं तर मला फोन आला असता. पण मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा नजर टाका, मग बोलू. भाचीचा प्रश्न वेगळाच होता, "आणीबाणी म्हणजे नक्की काय झालं होतं?" इतिहासाच्या पुस्तकाने तिला हा प्रश्न कधी पडू दिला नव्हता. मी जमेल तेवढं सांगितलं, उरलेलं आजोबांना विचार म्हटलं. आजोबा दीड तास बोलले. ती ऐकत होती, हे विशेष.

आणि 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ कादंबरीला १९३९चं पुलित्झर मिळालं होतं. फ्लोरिडाच्या जंगलात राहणारं गरीब शेतकरी कुटुंब, ज्योडी नावाचा मुलगा आणि त्याने वाढवलेलं हरणाचं पिल्लू. ऐकायला गोड वाटतं ना? गोड नाहीये. त्यात एक प्रसंग आहे. बापाला साप चावतो, यकृत जखमेवर लावून विष ओढून घ्यायला म्हणून तो समोर आलेली हरिणी मारतो, आणि त्यामुळेच ते पिल्लू पोरकं होतं. बाप वाचतो आणि पाडस अनाथ होतं, दोन्ही एकाच गोळीने. चौदा वर्षांच्या मुलाला चांगलं-वाईट शिकवायला निघालेल्या सगळ्या संस्कारकथा मी या एका प्रसंगावरून ओवाळून टाकीन. पुढचं सांगत नाही. भाचीने ते कोपरखैरण्याच्या लोकलमध्ये वाचलं. रात्री मेसेज आला, "रबाळेच्या पुढे मी रडत होते, समोरच्या आजींनी पाण्याची बाटली दिली." आणि खाली, "तू आधी सांगायला हवं होतंस." नाही, नव्हतं सांगायला हवं.

बाकीची पटापट. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', छोटीशी आहे. धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेला नायक स्वतःच जेमतेम पोरसवदा आहे हे लक्षात ठेवून वाचली तर वेगळीच दिसते. मुलगी भांडखोर आणि लिहिणारी असेल तर शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' द्या, म्हणजे 'लिटल विमेन'चा अनुवाद, त्यातली ज्यो अगदी तशीच. आमच्या घरी ते चाललं नाही, भाची म्हणाली स्लो आहे. असेल. मी तिच्या वयाची असताना मला ज्यो व्हायचं होतं, तिला नाही व्हायचं, वाद नाही. चॅटजीपीटीकडून गृहपाठ करून घेणाऱ्या प्रत्येकाला नारळीकरांचं 'वामन परत न आला' द्या. लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून माणूस यंत्रमानव बनवतो, आणि तो यंत्रमानव माणसाच्या दोन पावलं पुढे असतो. हे ऐंशीच्या दशकात लिहिलंय! रात्री घाबरायचं असेल तर नारायण धारप आहेतच. त्यासाठी माझी परवानगी कुणी मागत नाही, मीही कुणाची मागितली नव्हती. आणि लांबलचक पुस्तकाची धास्ती वाटणाऱ्यांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासूनचं आहे, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात.

एक विनंती मात्र आहे. पुस्तक दिल्यावर "काय शिकलीस?" विचारू नका. अर्ध्यात सोडलं तर सोडू द्या. भाचीने दोन सोडली, मी काही म्हटलं नाही. (मनात म्हटलं.)

आता कपाटात 'शाळा'ची जागा रिकामी आहे. परवा विचारलं, माझी प्रत कुठंय? तर ती व्हेकेशन बॅचमधल्या मैत्रिणीकडे, तिच्याकडून कुणा मुलाकडे, आणि सध्या शेवटच्या बाकावर फिरतेय म्हणे.