साम्राज्य लिलावात घेणाऱ्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

पैसा रग्गड आहे, साठी गाठलीत, बहुतेक पदं भोगून झालीत, तरी रात्री पानावर बसल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय? मग एखादं साम्राज्य घेऊन टाका. रोमच्या दिदियस ज्युलियानसने 28 मार्च 193 रोजी घेतलं होतं. त्या काळचा इतिहासकार हेरोडियन सांगतो की तो जेवायला बसलेला असताना बातमी आली आणि बायको, मुलगी आणि फुकटे पंगतकरी ‘उठा, जा’ म्हणून मागे लागले. घरच्यांचा असा पाठिंबा हवा.

माल अगदी ताजा होता. आधीचा सम्राट पर्टिनॅक्स याला प्रिटोरियन शिपायांनी, म्हणजे त्याच्याच अंगरक्षकांनी, त्याच दिवशी कापला होता. मूळचा मास्तर माणूस. शिपायांना शिस्त लावायला गेला आणि तीन महिनेही टिकला नाही. असला आगाऊपणा तुम्ही करू नका.

विक्री छावणीतच. आत सल्पिशियानस, म्हणजे मयत सम्राटाचा सासरा. त्याला खरं तर शिपायांना शांत करायला धाडलं होतं, तो तिथेच बोली लावू लागला. सुतकाचं काय ते घरी गेल्यावर. बाहेर दाराशी ज्युलियानस. आकडा चढत चढत दर शिपायामागे 20,000 सेस्टर्सवर (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं) आला. सम्राट मार्कस ऑरेलियसने 161 मध्ये शिपायांना एवढेच दिले होते, म्हणजे बाजारभाव म्हणा. इथे नवखा माणूस शे-दोनशेने चढवत बसतो. ज्युलियानसने एकदम 5,000 वाढवले, ओरडून सांगितले आणि वर हाताची बोटंही दाखवली. आपल्या गुरांच्या बाजारात बोटं निदान रुमालाखाली धरतात! शिवाय शिपायांना बजावलं, ‘तो सासरा आहे बरं का, जावयाचा सूड घेईल.’ झालं, सौदा पटला.

माल विकणाऱ्याच्या नावावर आहे का, हे मात्र विचारू नका. उगाच व्यवहार फिसकटतो.

त्याच संध्याकाळी सिनेटची, म्हणजे रोमच्या मानकऱ्यांच्या सभेची, मान्यता घ्या. हे लिहून ठेवणारा इतिहासकार डायो कॅसियस स्वतः सिनेटर होता. घाबरल्याचा संशय नको म्हणून तो अंघोळ-जेवण उरकून, शिपायांच्या गर्दीतून वाट काढत गेला. ज्युलियानसने सांगितलं, तुम्हाला राज्यकर्ता हवाय आणि माझ्याइतका लायक कोणी नाही. भोवती हत्यारबंद शिपाई असले की भाषण लांबवावं लागत नाही. लोकांनी पुढे दगड मारले, पण लोकांकडून त्याने काही विकत घेतलंच नव्हतं.

किरकोळ अडचणी येतात. सीरियात नायजर, ब्रिटनमध्ये अल्बायनस आणि डॅन्यूबकाठी सेप्टिमियस सेव्हरस, तिघेही सुभेदार, तिघांकडेही फौजा होत्या आणि त्यातला सेव्हरस थेट रोमकडे निघाला. ज्युलियानसने आधी त्याला देशाचा शत्रू ठरवलं, नंतर ‘अर्धं राज्य घे’ म्हणाला. मधल्या काळात त्याने कसून तयारी केली. मिसेनमच्या आरमारी तळावरून खलाशी आणले, त्यांना कवायत येईना. हत्तींच्या पाठीवर बुरूज चढवले, हत्तींना ते सोसेनात. डायो म्हणतो, आम्हाला हसू यायचं. पण खरी नजर टाकायची ती राजवाड्याच्या दारांवर. ती ज्युलियानसने जाळ्या घालून भक्कम करून घेतली, कारण कडी नीट लावली असती तर पर्टिनॅक्स वाचला असता, असं त्याचं निदान होतं. पर्टिनॅक्सला मारणारे त्याचेच राखणदार होते, हे कुणी सुचवलेलं दिसत नाही.

1 जूनला त्याच सिनेटने ज्युलियानसला मृत्युदंड फर्मावला. 66 दिवस झाले होते. शिपाई आला तेव्हा ज्युलियानस म्हणाला, ‘पण मी असं काय वाईट केलं? कुणाला मारलं?’ हे वाक्य आधीच पाठ करून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

प्रेत सेव्हरसने बायको-मुलीच्या ताब्यात दिलं. लाबिकान रस्त्यावर, पाचव्या मैलाच्या दगडापाशी ज्युलियानसच्या पणजोबांचं थडगं होतं, तिथे नेलं. ती जागा वडिलोपार्जित होती, तिच्यासाठी बोली लावावी लागली नाही.