मोपा ते चिपी : ३३ मिनिटे

आज सकाळी मुंबईच्या पुतण्याने घरच्या ग्रुपवर मोबाइलवरचा एक हिशोब टाकला: गोव्यातला मोपा विमानतळ ते आमचा सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ, हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर, विमानाने ३३ मिनिटे. खाली हसरा चेहरा आणि "काका, उगाच तक्रार करता!" चिपीचे विमान रद्द होऊन मोप्याला उतरावे लागले की घर किती लांब पडते, ही माझी नेहमीची तक्रार. पोराने गंमत केली हे मला कळते, पण माझा दिवस त्यात गेला.

हा हिशोब होतो कसा, तेही उघड आहे. दोन धावपट्ट्यांमधले सरळ अंतर घ्यायचे, ते मोठ्या जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. म्हणजे ३३ मिनिटांतला प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा! शिवाय मुंबईहून चिपीच्या सड्यावर, म्हणजे आमच्या खडकाळ पठारावर, येत असे ते पंख्यांचे एटीआर विमान, ताशी पाचशेच्या आसपास जाणारे. मुंबई-चिपी सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे. मोबाइलच्या त्या जेटच्या हिशोबाने तासाच्या आतच पोचायला हवे.

मागे एका गणेशचतुर्थीला दादा याच हिशोबावर निघाला होता. दुपारी चिपीला उतरून संध्याकाळी गणपतीवरची फळापानांची माटवी बांधायची, असे ठरले होते. ढग सड्यावर टेकले, विमान रद्द झाले, आणि हे त्याला कळले तेव्हा तो बॅग देऊन मोकळा झाला होता. धावपळ करून त्याने मोप्याचे तिकीट मिळवले. मोपा पेडण्यात, आमचे घर परुळ्याजवळ. मधे खाड्या, घाट्या, बाजारपेठा आणि चतुर्थीची गर्दी. चिपीचा विमानतळ आमच्या घरापासून सात किलोमीटरवर आहे आणि दादा घरी पोचला रात्री साडेअकराला.

बाबा तोवर पडवीत बसून होते. दर गाडीच्या उजेडाला विचारत, "इलो काय तो?"

पावसाळ्यात ढगांपुढे कोणाचे चालत नाही, हे मान्य. एप्रिल २०१७ मध्ये छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेचे पहिले विमान उडाले नसते, तर ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचे उद्घाटन होऊन आमच्या दारात विमान आले असते का, हेही मी विचारणार नाही. पण चतुर्थी पावसाळ्यातच येते, हे विमानांचे वेळापत्रक आखणाऱ्यांना कोणी सांगायला हवे काय? एक फेरी रद्द झाली की माणसाला दुसऱ्या दिवसाची वाट पाहायला सांगणारी सेवा मिनिटांत मोजू नये. चाकरमान्याचे अंतर त्याच्या मुंबईच्या दारापासून गावच्या खळ्यापर्यंत असते. टॅक्सी, रांग, वाट पाहणे आणि खोटे आश्वासन ऐकण्यात गेलेले तास, सगळे त्यात धरायचे. कोकण रेल्वेच्या गाडीला रात्र लागते आणि गर्दीत अंग मोडते, तरी ती सकाळी कुडाळला आणून सोडते.

असो. पुतण्यावर रागावण्यात अर्थ नाही; तेव्हा तो परीक्षेमुळे आला नव्हता, त्याने ती रात्र पाहिलेली नाही.

माटवी त्या दिवशी शेजारच्या मुलांनी बांधली. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, सगळे चढले. फक्त कवंडळाचे एक रानफळ बाबांनी हातात धरून ठेवले. "ह्यां ठेय. तो इल्यार बांधतलो." दादाने आल्या आल्या पाय धुतले आणि ओल्या पावलांनीच स्टुलावर चढून ते बांधले. बाबा त्यानंतर जेवले.

यंदा दादाने रात्रीच्या गाडीचे तिकीट काढले आहे. वेटिंग चौदा.