चिठ्ठीशिवायचा ड्रॉप आणि कापलेली पट्टी

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं गेली, त्यातली कितीतरी आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत दगावली, आणि तेव्हापासून आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू आहे, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय औषध द्यावं की नाही. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेली पोरं म्हणतात परदेशासारखं कडक करा, चिठ्ठी नाही तर गोळी नाही. गावातले म्हणतात, "तुमाले बोलाले काय जाते, डॉक्टर तालुक्याले बसते, रातच्याले लेकराले ताप आला तं मेडिकलवालाच दार उघडते ना बाप्पा." मी यवतमाळ जिल्ह्यातली, आता इंग्लंडात लीड्सला एका फार्मसीत काम करते, म्हणून दोन्ही बाजूचे मलाच विचारतात की तिकडे कसं आहे सांग.

सांगते, पण डोळ्यांबद्दल सांगते, कारण या सगळ्या वादात डोळ्याचं नाव कोणीच घेत नाही. विषारी औषधानं लेकरू गेलं तर पेपरात येतं. चुकीच्या ड्रॉपनं माणूस दोन-चार वर्षांत हळूहळू आंधळा झाला तर लोक म्हणतात वय झालं, नशीब.

मुख्य गोष्ट स्टिरॉइडची, म्हणजे सूज आणि लाली झटकन दाबणाऱ्या औषधांची. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं लक्षात ठेवा. डोळा लाल झाला की मेडिकलवर जो ड्रॉप मिळतो त्यात बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन असतं. लाली एका दिवसात जाते, म्हणून लोकांना तो ड्रॉप भारी वाटतो, मग एकच बाटली घरात चौघं वापरतात आणि संपली की नवी आणतात. स्टिरॉइड जास्त दिवस चाललं, गोळीनं असो की ड्रॉपनं, तर भिंगाच्या मागच्या बाजूला मधोमध मोतीबिंदू धरतो. म्हातारपणाच्या मोतीबिंदूपेक्षा हा वेगळा, चाळिशीतल्या माणसालाही होतो, उन्हात आणि समोरून गाडीचा लाईट आला की काहीच दिसत नाही, जवळचं वाचणं आधी जातं. ही काही नवीन शंका नाही, सांधेदुखीसाठी स्टिरॉइड घेणाऱ्या पेशंटांमधे डॉक्टरांनी हे 1960 सालीच नोंदवलंय.

बरं, मोतीबिंदूचं ऑपरेशन तरी होतं, लेन्स बसते, दिसायला लागतं. खरी भीती काचबिंदूची आहे. स्टिरॉइडचा ड्रॉप काही आठवडे सतत टाकला तर साधारण तीन माणसांत एकाच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं, काहींचं तर खूप वाढतं, आणि ते दुखत नाही, कळत नाही, मागची नस सुकत जाते. ती गेलेली नजर जगात कुठेच परत मिळत नाही, लीड्सला नाही आणि नागपूरलाही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीनं आणि ॲलर्जीनं ज्या लेकरांचे डोळे खाजतात, वर्षानुवर्षे खाजतात, त्यांच्या आयांना मी हात जोडून सांगते, तो जुना ड्रॉप परत परत आणू नका.

आणि शेतातलं तर आणखी वाईट. पऱ्हाटी उपटताना काडी लागली, सोयाबीन काढताना भूस डोळ्यात गेलं, तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते, त्यावर स्टिरॉइड पडलं की आधी बरं वाटतं आणि आतून बुरशी पसरत जाते, मग फूल पडतं, कधी डोळाच काढावा लागतो. माझ्या नात्यातल्या एका बाईचं असंच झालं. मेडिकलवाल्याची नियत वाईट नव्हती, त्यानं लाल डोळ्यावर जे सगळ्यांना देतो तेच दिलं.

सांधेदुखीच्या पुड्या हा आणखी एक प्रकार. आठवडी बाजारात जडीबुटी म्हणून विकतात, आणि दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, तोंड गोल झालं तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. चिकनगुनियानंतर महिनोनमहिने हातपाय धरलेले लोक अशा पुड्यांवर काम रेटतात, त्यांना तरी काय बोलणार, निंदणाला गेलं नाही तर मजुरी नाही.

आता इकडचं. इथे स्टिरॉइडचा ड्रॉप चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण सगळं बंद आहे असंही नाही, क्लोरॅम्फेनिकॉलचा साधा अँटिबायोटिक ड्रॉप 2005 पासून फार्मसिस्ट चार प्रश्न विचारून स्वतः देऊ शकतो. बाजारातल्या साध्या चष्म्याच्या दुकानात डोळ्याचं प्रेशर बघतात, साठीच्या वर तपासणी फुकट. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नंबर लागायला महिने जातात, एका डोळ्यानं चाचपडत बसलेली म्हातारी माणसं मी रोज काउंटरवर बघते, आणि आपल्या जिल्ह्यात शिबिरात नाव दिलं की ऑपरेशन लवकर आणि फुकट होतं, ते इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून परदेशासारखं करा असं कोणी सरसकट म्हटलं की मला पटत नाही. आणि कायदा काय आपल्याकडे नाही का, ही औषधं शेड्यूल एच मधे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत त्या यादीत, आहेतच. डॉक्टरच नसेल तिथे नुसता कायदा कडक केला तर लोक बाजारातल्या पुडीकडे जातील.

मला इकडची एकच गोष्ट गावात न्यावीशी वाटते. आम्ही इथे कधी पट्टी कापून सात गोळ्या दिल्या तरी डब्यावर लेबल लागतं, पेशंटचं नाव, औषधाचं नाव, कशी घ्यायची, आणि आत माहितीचा कागद. स्टिरॉइड बरेच दिवस चालणार असेल तर स्टिरॉइड चालू आहे असं सांगणारं निळं कार्ड देतात, पेशंट ते खिशात ठेवतो. आपल्याकडे कात्रीनं पट्टी कापतात, नाव एका तुकड्यावर राहतं, तारीख दुसऱ्यावर, पेशंटच्या हातात नुसत्या चार गोळ्या. मग शिबिरात डॉक्टर विचारतो आजोबा कोणती गोळी चालू आहे, आजोबा म्हणतात "लघवीची हाये". ती टॅमसुलोसिन असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधे बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून मधे येतो, हे 2005 पासून माहीत आहे, आणि गोळी आधी बंद करून फारसा उपयोग होत नाही, पण सर्जनला नाव आधी कळलं तर तो तयारीनं ऑपरेशन करतो. टीबीच्या औषधातल्या इथॅम्ब्युटॉलचंही तेच, लाल-हिरवा रंग फिका दिसायला लागला तर त्याच दिवशी सांगायचं असतं, पण आपण काय खातोय हेच माहीत नाही तर सांगणार कसं.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच मागितलं, की मेडिकलवाल्यानं दुकान चालवावं, रात्री दारही उघडावं, पण डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन असलेला ड्रॉप डॉक्टरनं लिहिल्याशिवाय देऊ नये आणि कापलेल्या प्रत्येक पट्टीसोबत कागदावर मराठीत नाव आणि किती दिवस ते लिहून द्यावं. याला पैसे लागत नाहीत. एकानं लिहिलं, "गर्दीत कोण लिहीन?" तर आशाताईला, शाळेतल्या पोरीला सांगा, घरातली औषधं एका वहीत उतरवून ठेवा, डॉक्टरकडे जाताना वही न्या.

आणि ज्यांचं स्टिरॉइड चालू आहे त्यांनी हे वाचून घाबरून अचानक गोळी बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं, दम्याचा स्टिरॉइडवाला पंपही सोडू नका. बरेच महिने घेत असाल तर यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नाहीतर सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, आणि औषधाची रिकामी पट्टी सोबत न्या.