"लेडीज सेट घ्या ना, मॅडम!"

गोल्फच्या ज्या दुकानात गिऱ्हाइकाची उंची, हात, स्विंग (फटका मारायची ढब) यांतलं काहीही न बघता नुसते कानातले बघून 'लेडीज सेट', म्हणजे बायकांसाठीचा क्लबांचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच पुढे केला जातो, त्या दुकानाने दारावरची 'कस्टम फिटिंग' (गिऱ्हाइकाच्या मापाने क्लब ठरवून देणं) ही पाटी आधी उतरवावी. आणि उतरवता उतरवता फिटिंगच्या नावाखाली घेतलेले पैसेही परत करावेत. एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळा संताप आहे, तो खाली.

दुकान पुण्यातलं. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या एका दुकानाची होते आणि हाच उद्योग करणारे बाकीचे सुटतात. अपॉइंटमेंट घेऊन गेले होते. फोनवर त्यांनी स्वतःहून सगळं विचारलं होतं: उंची किती, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) किती, सध्या काय वापरता, काही दुखापत आहे का. मी सगळं नीट सांगितलं. उंची पाच फूट आठ इंच. कॉलेजात भालाफेक केलेली, त्यामुळे खांदा अजून चालतो. सध्याचा सेट पुरुषांचा, सेकंडहँड, वीसेक वर्षांपूर्वीचा. समोरच्याने "नोट केलं मॅडम" असंही म्हटलं. कुठे नोट केलं देव जाणे. दुकानात गेल्यावर एकाही माणसाकडे त्यातलं एक अक्षर नव्हतं.

नवरा सोबत होता, कारण त्याला त्याच बाजूला काम होतं. या गृहस्थाचा गोल्फशी संबंध क्लबहाउसमधल्या कांदाभज्यांपुरता. पण दुकानातल्या मुलाने थेट त्याच्याशी हात मिळवला. "सर, मॅडमसाठी काय बजेट धरलंय?" नवरा म्हणाला, "मला काय विचारताय? खेळते ती." मुलगा हसला, हो हो म्हणाला, आणि पुढचा प्रश्नही त्यालाच विचारला. "मॅडमनी नुकतंच सुरू केलंय का?"

मी तिथेच उभी होते हो. हातमोजा घालून.

मग तो आत गेला आणि सेट घेऊन आला. जांभळट गुलाबी पट्ट्यांची बॅग, त्यात बारा क्लब, शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, 'एल'. एल म्हणजे लेडीज. आता हे 'एल', 'आर', 'एस' काय असतं ते गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. शाफ्ट किती लवतो त्यावरून ही अक्षरं देतात. एल सगळ्यात लवचीक, मग सीनियर, मग रेग्युलर (आर), मग स्टिफ (एस). गंमत म्हणजे याला सगळ्या कंपन्यांना लागू असं कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका कडक निघू शकतो. म्हणून तर फिटिंग करायचं असतं! अक्षर वाचून शाफ्ट ठरवता आला असता तर फटका मोजायचं यंत्र कशाला आणलंत लाखो रुपयांचं?

लेडीज सेट साधारण इंचभर आखूड असतो, वजनाला हलका असतो, ग्रिप (क्लबची मूठ) बारीक असते. ज्या बाईला तो बसतो तिने जरूर घ्यावा, चांगला असतो. पण पुरुषांचा स्टँडर्ड सेट साधारण पाच फूट नऊ-दहा इंचाच्या माणसाला समोर ठेवून बनवतात. मी त्या मापाच्या जवळ आहे की लेडीज मापाच्या, हे कळायला डोळेसुद्धा पुरले असते. तो मुलगा माझ्याशी मान वर करून बोलत होता!

आमच्या गल्लीतला ब्लाउज शिवणारा मास्टरसुद्धा नवीन बाई आली की गळ्यात लटकवलेली टेप काढतो, जुना ब्लाउज मापाला आणला असला तरी दंड परत मोजतो. इथे लाखाच्या घरातला माल विकायचाय आणि टेप कुठाय? उभं राहून मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं, त्यावरून लांबीचा पहिला अंदाज येतो. अर्ध्या मिनिटाचं काम. ग्रिपसाठी हाताचा पंजा बघायचा, ग्रिप पकडल्यावर वरच्या हाताची मधली बोटं तळव्याला जेमतेम टेकतात का ते बघायचं. तेही अर्ध्या मिनिटाचं. दोन्ही झालं नाही. "डायरेक्ट मारून बघा ना मॅडम."

मारलं. स्क्रीनवर ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) वेग आला ताशी ९१ मैल. मी काही फुशारकी मारत नाही, यंत्र म्हणत होतं. आता ट्रॅकमॅन या अशीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या आकड्यांत पुरुष हौशी खेळाडूंची सरासरी ९३-९४च्या आसपास आहे, आणि अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक टूरची सरासरीही तिथेच कुठेतरी. म्हणजे ९०च्या घरातला वेग दिसला की कुठलाही जाणता माणूस 'आर'पासून सुरुवात करेल. हा काय म्हणाला? "वा मॅडम, लेडीजमध्ये हे खूप आहे." आणि क्लब तोच! आकडा त्याच्या नाकासमोर झळकत होता, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत, आणि त्याने त्याचं कौतुक करून तो सोडून दिला.

मग आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचे, आकड्यांनी ओळखले जाणारे क्लब. सेव्हन आयर्नने मारत गेले आणि चेंडू उजवीकडे जात राहिला. एकदा गेला तर माझी चूक. सारखा तिकडेच जायला लागला की दुसऱ्या कोणाची तरी आहे. आखूड क्लब उंच माणसाच्या हातात दिला की क्लबचं टोक खाली टेकतं, टाच उचलली जाते, आणि तोंड उजवीकडे वळतं. दांड्याच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाला लाय अँगल म्हणतात, आणि फिटिंगमध्ये तपासायच्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक. नॉर्वेत जन्मलेल्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरच्या पिंग कंपनीने १९७०च्या दशकात लाय अँगलप्रमाणे क्लबवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड, बाकीचे रंग त्याच्या अलीकडचे-पलीकडचे. पन्नास वर्षं जुनं ज्ञान आहे हे, काही रॉकेट उडवायचं नाही. पण आमच्या फिटरसाहेबांचं निदान काय? "मॅडम, तुमचा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) आहे. आमच्याकडे कोचिंगचं पॅकेज पण आहे."

पॅकेज!

इथे माझा आवाज चढला, हे कबूल. नवरा स्टँडवरच्या टोप्या बघायला लागला. लग्नाला एवढी वर्षं झाली की माणसाला कधी कुठे बघायचं ते कळतं. मी म्हटलं, हा सेट उचला आणि पुरुषांचे आयर्न आणा, रेग्युलर शाफ्टमध्ये. आता खेळ बदलला. आता मी 'नवशिक्या मॅडम' राहिले नव्हते, 'डिस्टन्सवाल्या मॅडम' झाले होते. त्याने चकचकीत नवा सेव्हन आयर्न हातात दिला, आधी माझ्या जुन्या सेव्हनने मारायला लावलं, मग नव्याने. स्क्रीनवर दोन आकडे शेजारीशेजारी. "बघा मॅडम, वीस यार्ड जास्त!"

वीस यार्ड जास्त जाणारच ना रे बाबा. माझ्या जुन्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा; तो कमी, तर चेंडू लांब) ३४ डिग्री आहे आणि या नव्याचा २८. जुन्या सेटमध्ये २८ म्हणजे फाइव्ह आणि सिक्सच्या मधला कुठला तरी क्लब. तळाला '७' कोरलं म्हणून तो सेव्हन होतो का? जुन्या सिक्स आयर्नला सेव्हनचा आकडा चिकटवून मला वीस यार्ड विकत होता. कंपन्यांची बाजू मला माहीत आहे. नव्या क्लबचं वजन खाली असतं, चेंडू आपोआप उंच जातो, म्हणून लॉफ्ट कमी केला तरी चालतं. खरं आहे ते, पूर्णपणे फसवणूक नाही. पण तुलना करताना हे सांगायला नको? लॉफ्ट विचारल्यावर त्या मुलाला तो सांगता आला नाही. मोबाइलवर शोधून सांगितला. फिटर!

आणि या लॉफ्टच्या खेळाचा खर्च शेवटी आपल्याच माथी. सेव्हन २८चा झाला की पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा, जास्त लॉफ्टचा क्लब) ४३-४४वर येते. माझी सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) ५६ची. मधे बारा-तेरा डिग्रीचं भगदाड. शंभर यार्डांच्या आत, जिथे खरं तर स्कोअर होतो, तिथे हातात क्लबच नाही. मग काय? "मग गॅप वेज (या दोन्हींच्या मधली) घ्यायची मॅडम, सेपरेट मिळते." अस्सं. आधी भोक पाडायचं, मग ठिगळ विकायचं. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, १९३८-३९ पासूनचा नियम आहे, त्यामुळे ठिगळासाठी दुसरं काहीतरी बाहेर काढा ते वेगळंच.

दुकानात ज्यावरून मारायला लावतात त्या मॅटबद्दल तर बोलायलाच नको. हिरव्या मॅटवर क्लब चेंडूच्या मागे पडला तरी घसरत जाऊन चेंडूला लागतो आणि फटका बरा दिसतो. कोर्सवर त्याच फटक्याला मातीचं ढेकूळ उडतं आणि चेंडू पायाशी लोळतो. दुकानात सगळेच छान खेळतात. त्यांचा धंदाच त्यावर आहे.

शेवटचा डाव नेहमीचाच. मी म्हटलं, लांबी, लाय, ग्रिप हे सगळं माझ्या मापाने ऑर्डर करायचं असेल तर? चेहरा पडला. "मॅडम, कस्टम ऑर्डर बाहेरून येते, दोन महिने लागतील, कधी जास्त पण. आणि त्यावर डिस्काउंट नाही. हा स्टॉकमधला आज घेऊन जा, ऑफर रविवारपर्यंतच आहे." म्हणजे पाटी कस्टमची, विकायचा स्टॉक. मग फिटिंग कशाचं केलंत? गोदामात पडलेल्या खोक्याचं माझ्याशी?

२०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा भल्या पहाटे उठून लोक गोल्फ बघत होते. ज्यांना बर्डी आणि बोगीतला फरक माहीत नाही तेही 'पट पडली का' (शेवटच्या हलक्या फटक्याने चेंडू भोकात गेला का) विचारत होते. त्यानंतर सरावाच्या रेंजवर मुली दिसायला लागल्या, मी माझ्या डोळ्यांनी बघते. त्यातली एखादी पोर उद्या वडिलांबरोबर या दुकानात येईल. तिच्याही हातात 'एल'च देतील, चेंडू उजवीकडे गेला की तिलाही कोचिंग विकतील. आणि ती बिचारी समजेल की आपल्यालाच जमत नाही. माझं एक वेळ सोडा, मला भांडता येतं. तिचं काय?

आमच्या कोर्सवर कॅडी शेडच्या मागे एक काका बसतात. पूर्वी कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) होते, आता ग्रिप बदलणं, शाफ्ट बसवणं असली कामं करतात. दुकानातून धुमसत आले ती तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी सांगितलं, "ताई, खेळायचे बूट घाला, त्याशिवाय माप नको." मग मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावली. मग चेंडूवर काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढली, रेघ क्लबच्या बाजूला उभी येईल असा चेंडू गवतावर ठेवला आणि म्हणाले, मारा. मारल्यावर क्लबचं तोंड वर करून दाखवलं. रेघेचा शिक्का उमटला होता, जरासा तिरका. "ही सरळ उभी यायला पाहिजे. तुम्हाला दोनेक डिग्री अपराइट, म्हणजे दांडा जरा जास्त उभा, लागतंय. हा कास्टिंगचा, ओतीव क्लब आहे, जास्त वाकवला तर मोडेल, पण दोन डिग्री सोसेल." यंत्र नाही, स्क्रीन नाही, एसी नाही. एक मार्कर. माझ्या जुन्याच सेटचं निदान, तेही गवतावर. पैसे विचारले तर म्हणाले, नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?

आणि इकडे दुकानाने 'फिटिंग चार्जेस' म्हणून आगाऊ घेतलेले पैसे. सेट घेतला तर बिलातून वजा, नाही घेतला तर गेले. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हटलं माप घेतलं नाही, लाय बघितला नाही, ग्रिप बघितली नाही, मग पैसे कशाचे? रिपोर्ट तरी पाठवा. रिपोर्ट म्हणून स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला एक फोटो आला, त्यात अर्धा नवरा.

पैसे परत मिळणार नाहीत म्हणे, सिस्टीममध्ये तसं नाही. क्रेडिट नोट देतो. मी विचारलं, क्रेडिट नोटवर घेऊ काय तुमच्याकडे? तर म्हणतो, "टोप्या घ्या ना मॅडम, नवीन आल्यात." म्हणजे आधी घातलीत ती पुरेशी नव्हती वाटतं.