‘गावातल्या संस्थांना पैसे देऊ नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

पावसाळ्यात नदी फुगायला लागली की एक मेसेज ग्रुपग्रुपमधून फिरू लागतो. शब्द दरवेळी थोडे वेगळे, मजकूर तोच. ‘पूरग्रस्तांना मदत करायची तर गावातल्या छोट्या संस्थांना पैसे देऊ नका. वस्तू पाठवा, नाहीतर मोठ्या नावाजलेल्या संस्थेला द्या. छोट्या संस्थांचे अर्धे पैसे पगारात जातात, खरा समाजसेवक पगार घेत नाही. त्यांना तांत्रिक ज्ञान नसतं. मदत आपल्याच माणसांना वाटतात. आणि पाणी ओसरलं की काम संपलं.’ हा मेसेज पाठवणारी माझी नातेवाईक मंडळी मनाने चांगली आहेत, स्वतः पैसे देणारी आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

आधी वस्तूंचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी उतरायला लागल्यावर ट्रकवर ट्रक आले. एका शाळेच्या व्हरांड्यात मी गठ्ठे सोडवायला बसलो होतो. त्यातून जरीचे घागरे निघाले, कोट निघाले, टाचेच्या चपला निघाल्या, त्याही एकेका पायातल्या. समोर उभ्या असलेल्या बायकांना हवे होते परकर, सॅनिटरी पॅड, खराटे, फावडी आणि ब्लीचिंग पावडर. उरलेले कपडे चार दिवसांनी रस्त्याकडेला चिखलात पडलेले दिसले. पाठवणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना काय हवं ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारी एक कार्यकर्ती त्याच गल्लीत राहत होती. तिच्याकडे दोनशे पानी वही होती: कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाचं डायलिसिस चालू, कोणती म्हातारी एकटी, कोणाचं घर पहिल्यांदा पाण्याखाली जातं. सगळं घरवार लिहिलेलं. पाच हजार रुपये खर्च करायची मुभा मात्र तिला नव्हती.

आता पगाराचं. ‘खरा समाजसेवक पगार घेत नाही’ या एका वाक्याने जितकं नुकसान केलं आहे तितकं बाकीच्या सगळ्या मेसेजने मिळून केलं नसेल. ती वही पुराच्या रात्री तयार झाली नाही. दोन वर्षं दारोदार फिरून झाली. बिनपगारी फिरणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरात दुसरा कमावता आहे, पेन्शन आहे, शेती आहे, त्याला. शेतमजुराच्या मुलीला नाही परवडत. म्हणजे पगार नको म्हणताना आपण नकळत ठरवून टाकतो की हे काम सुखवस्तू घरातल्यांनीच करायचं आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनी फक्त रांगेत उभं राहायचं. दवाखान्याला देणगी देताना नर्सचा पगार आपण वायफळ खर्च मानत नाही. मग वस्तीत रात्री दोन वाजता दार ठोठावून लोकांना वर काढणाऱ्या बाईचाच पगार का खुपतो? तो पगार मदतीतून कापून जात नाही. तोच मदत आहे.

गंमत म्हणून नाही, चीड येते म्हणून सांगतो. एका कंपनीकडे प्रस्ताव दिला होता, नाव घेत नाही. तांदळाची पोती मंजूर झाली, हिशेबनिसाचा पगार नामंजूर. कारण काय तर ‘सीएसआरच्या नियमात पाचच टक्के बसतात.’ सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च. तो नियम आम्ही काढून वाचला. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला लागणारा खर्च त्यात मोडतच नाही. आणि हीच मंडळी वर्षअखेरीला विचारतात, हिशेब वेळेवर का येत नाही!

परदेशी देणग्यांचं दार तर आणखी अरुंद झालं आहे. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि परदेशी निधी घेतलेल्या मोठ्या संस्थेला त्यातला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी झाली. त्यामुळे ‘मोठ्या संस्थेला द्या, तिथून गावापर्यंत पोहोचेल’ हा सल्ला त्या पैशांपुरता तरी कायद्यानेच बाद आहे.

जगभर हेच चित्र आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठे देणगीदार देश आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी शब्द दिला की २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के वाटा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना देऊ. थेट पोहोचणारा वाटा पाच टक्क्यांच्याही वर गेला नाही. शिवाय मोठी संस्था आपत्तीनंतर गावात उतरते तेव्हा तिलाही माणसं लागतातच. ती स्थानिक संस्थेचीच माणसं जास्त पगारावर सहा महिन्यांसाठी उचलते. २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतीचं संयुक्त मूल्यमापन झालं, त्यातही सक्षम स्थानिक माणसं आणि यंत्रणा बाजूला सारल्या गेल्याची नोंद आहे. सहा महिन्यांनी करार संपतो, तोवर छोटी संस्था मोडलेली असते.

तांत्रिक ज्ञानाच्या मुद्द्याला उत्तर द्यायला लांब जायला नको, लातूर-धाराशिवला जावं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली. पुढे सरकारच्या पुनर्वसन कार्यक्रमात जवळपास १,३०० गावांतल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांच्यासोबत काम केलं. ज्यांना आधी घराच्या बांधकामात कोणी विचारत नव्हतं, त्या बायका माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईला तिरके टेकू द्या, हे गवंड्याला समोर उभं राहून सांगू लागल्या. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. ज्ञान नसतं हे खरं नाही. ज्ञान द्यायला आणि टिकवायला पैसा लागतो, तो दिला की येतं.

आणि तो दिला नाही की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावातलीच बोट लोकांना बाहेर काढत होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, बोट उलटली, माणसं डोळ्यांदेखत गेली. धावून जाणारं गावच होतं. पुरेशा बोटी, लाइफ जॅकेट आणि सरावलेली माणसं आधीपासून गावात ठेवायला हवी होती.

‘आपल्याच माणसांना वाटतात’ हा आरोप मात्र मी झटकणार नाही. हे घडतं. त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलित कुटुंबांना मदतीत डावललं गेल्याचं नोंदलेलं आहे, आणि आपल्याकडेही ट्रक वेशीवर अडतो, मागच्या वस्तीपर्यंत जात नाही. पण ट्रक कोणाच्या सांगण्यावरून थांबतो? गावात ज्याचं वजन आहे त्याच्या. बाहेरून आलेली मोठी संस्थाही आधी त्याच्याच ओट्यावर बसते. मागच्या वस्तीत काम करणाऱ्या, तिथल्याच माणसांनी चालवलेल्या संस्थेला थेट पैसे द्या. चावडीवर यादी आणि खर्चाचा फलक लावायची अट घाला. आणि तो हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा पगारही द्या, नाहीतर अट कागदावरच राहील.

राहिलं ‘पाणी ओसरलं की काम संपलं’. त्या वहीवाल्या कार्यकर्तीचं काम पाणी ओसरल्यावर सुरू झालं. पंचनाम्यात एका आजीचं नाव सासरचं, बँकेच्या पासबुकात माहेरचं, आधार कार्ड पुरात गेलेलं. खात्यात पैसे येईनात. तिने आजीला घेऊन तलाठ्याकडे, मग तहसीलला, मग बँकेत अशा सात खेपा केल्या, प्रत्येक वेळी एसटीने, स्वतःच्या पर्समधून तिकीट काढून. आठव्या खेपेला पैसे जमा झाले. त्या तिकिटांचा खर्च कोणत्याच प्रस्तावात बसला नाही.